खरड छाटणी

लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला आईनं गावाहून फराळाचा डबा पाठवला. वर चकल्या-करंज्या, त्याखाली वर्तमानपत्राचा कागद आणि कागदाखाली अळिवाचे अकरा लाडू. कागदावर पेननं लिहिलेलं, 'हे फक्त तिच्यासाठी.' अळिवाचे लाडू आमच्याकडे बाळंतिणीला देतात. म्हणजे आईनं मधलं सगळं गाळून थेट पुढची तयारी केली होती. बायकोनं कागद वाचला, घडी घातली आणि ओट्यावर ठेवला. मी सुटल्यासारखा चकली खात बसलो.

माझं गाव निफाड तालुक्यात. घरची चार एकर द्राक्षबाग, ती वडील बघतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. मी पुण्यात, हडपसरला, कंपनीत. बायको शाळेत शिक्षिका, माहेर माळकऱ्यांचं. तिच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चतुर्मासात बंद. आमच्याकडे रविवारी मटण नसलं तर आजारपण आलंय असं समजतात. लग्न जमवताना या गोष्टीवर दोन्हीकडच्या मंडळींनी पाऊण तास चर्चा केली होती. मुलाच्या तंबाखूबद्दल कुणी अर्धा मिनिटही बोललं नाही.

पहिलं वर्ष 'आत्ताच काय घाई' असं आम्हीच म्हणत होतो. दुसऱ्या वर्षी लोक म्हणायला लागले, 'काय मग, गुड न्यूज कधी?' तिसऱ्या वर्षी लोकांनी विचारणं बंद केलं आणि पदार्थ पाठवायला सुरुवात केली. शतावरी कल्प आला. खारका आल्या, दुधात उकळून खायच्या, पण फक्त शुक्ल पक्षात. कुणीतरी अंजिरं पाठवली. शेजारच्या काकूंनी पपई, अननस आणि तीळ यांची नावं कागदावर लिहून त्यावर फुली मारून दिली. आत्या तर स्वतः आली. हातावर मिसरी घेऊन दात घासता घासता तिनं बायकोला सांगितलं, "पोरी, अंग थंड ठेव, उष्ण काही खाऊ नको." अळीव उष्ण की थंड यावर आई आणि आत्या यांच्यात फोनवर वाद झाला, त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि याच्या जोडीला उपास. सोळा सोमवार आत्यानं सांगितले, संकष्टी सासूबाईंची होतीच. म्हणजे एरवी 'खा गं, काहीतरी अंगी लागू दे' आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. बायको सकाळी साडेसहाची बस पकडायची, दुपारी दोनला घरी यायची, त्या दिवशीचं पहिलं धड खाणं म्हणजे खिचडीची एक वाटी. मूल व्हावं म्हणून ती एकीकडे जास्त खात होती, दुसरीकडे कमी खात होती. दोन्ही मुकाट्यानं. मी तिच्या समोर बसून पोळ्या मोडत होतो, मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात डॉक्टरांकडे गेलो. बायकोनं फाइल काढली. सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं वर्षभरात जमवलेलं. डॉक्टरांनी पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "तुमचा रिपोर्ट?"

"माझा कशाला?" मी म्हटलं. अगदी खरं सांगतो, हेच शब्द.

त्या रागावल्या नाहीत. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काहीतरी कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून, एवढंच त्यांनी सांगितलं आणि चिठ्ठी लिहिली. चार दिवसांनी माझा रिपोर्ट आला. शुक्रजंतूंचा काउंट एका मिलिलिटरला १ कोटी १० लाख. ऐकायला आकडा भरभक्कम, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. हालचाल २८ टक्के, हवी किमान ४२. बायकोची जाडजूड फाइल आणि माझा एक कागद, टेबलावर शेजारी शेजारी.

त्या संध्याकाळी दादांचा फोन आला. "काय म्हणतो तिचा रिपोर्ट?"

"चालू आहे," मी म्हटलं आणि पावसापाण्याचं विचारलं.

डॉक्टरांनी मला जे समजावलं, ते मला पटकन समजलं, त्याचं श्रेय माझ्या शिक्षणाला नाही. त्या म्हणाल्या, शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर पक्व होत बाहेर यायला आणखी दहा-पंधरा. आज हातात आलेला रिपोर्ट हा तुमच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा आहे. म्हणजे गणपतीतली जागरणं, मोदक, मांडीवरचा लॅपटॉप, दिवसाला दोन पुड्या. बायकांच्या बीजाचंही तसंच. बीजं जन्मापासूनच अंडाशयात असतात, पण त्यातलं एखादं निवडलं जाऊन वाढीला लागतं, तेव्हा त्याच्या शेवटच्या वाढीला तीनेक महिने लागतात. "आज खाल्लेलं आज उपयोगी पडत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या तिमाहीचं आत्ता खायचं."

मी म्हटलं, "खरड छाटणी."

त्यांना कळलं नाही. तुम्हालाही कदाचित कळणार नाही, म्हणून जरा सांगतो.

द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरातली फळछाटणी सगळ्यांना माहीत असते, कारण तिच्यानंतर घड दिसतात आणि दिसणाऱ्या गोष्टीचं कौतुक होतं. एप्रिलातली खरड छाटणी बाहेरच्या माणसाला निव्वळ नासधूस वाटते. माल नुकताच गेलेला असतो, वेल दमलेली, ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि त्यात मजूर येऊन काड्या बुडापर्यंत खरडून काढतात. बाग बोडकी होते. मग नव्या फुटी निघतात, त्यांच्या काड्या होतात, आणि छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या आसपास त्या काडीवरच्या डोळ्याच्या आत घडाची बारीक रचना तयार होते. सूक्ष्म घडनिर्मिती. बाहेरून बघाल तर नुसता पाला. पण पुढच्या फेब्रुवारीत क्रेटमध्ये पडणारा घड त्या मे-जूनच्या दिवसांत ठरलेला असतो. तेव्हा ढगाळ हवा लांबली, खतातलं नत्र जास्त झालं, पालाश कमी पडलं, की घडाच्या जागी बाळी धरते, ती स्प्रिंगसारखी तारेला वेटोळं घालणारी. ऑक्टोबरात मग लाख फवारण्या करा, डोळ्यात नसलेला घड बाहेर येत नाही.

म्हणून दादा मेमध्ये पानाचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतात, रिपोर्टवरून खत ठरवतात. फळछाटणीच्या आधी काड्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून आणतात. आमच्या घरात हे मी लहानपणापासून बघतोय. बापाला वेलीच्या डोळ्यात सूक्ष्मदर्शकातून बघायची लाज वाटली नाही, मला स्वतःचा एक रिपोर्ट काढायला तीन वर्षं लागली.

(सुश्रुतसंहितेत गर्भाची तुलना अंकुराशीच केली आहे. ऋतू, क्षेत्र, अंबू, बीज हे चार जुळले की अंकुर जसा येतो तसा गर्भ राहतो. क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अंबू म्हणजे पोषण देणारा रस. क्षेत्राबद्दल आपल्याकडे सगळ्यांना मत असतं. बीजाची तपासणी मात्र कुणी करून आणत नाही.)

बायकोच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी खाली होत्या. हिमोग्लोबिन ९.८, आणि बी-१२ अवघं १४२. हिमोग्लोबिनचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. बी-१२ चं कारण तिच्या गळ्यातल्या माळेत होतं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, डाळींत मिळत नाही, ते मांस-मासे-अंडी आणि काही प्रमाणात दूध-दह्यातून येतं. आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात दूध चहापुरतं येत होतं आणि दही माझ्या ताटात संपत होतं.

डॉक्टरांनी तिला फॉलिक ॲसिड सुरू केलं. तेव्हा मी विचारलं, दिवस राहिल्यावर घेतात ना ते? त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेवढ्यात पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तर शंकासुद्धा आलेली नसते. गोळी त्यानंतर सुरू केली तर जे काम करायला ती द्यायची, ते काम आटपलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि तेही आधीपासून. ज्यांना आधी अशा दोषाचं मूल झालंय त्यांना डोस जास्त. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं अशाच बायकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्यांत तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. जेवणाखाण्याच्या शास्त्रात इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं.

घरी येऊन मी फॉलिकबद्दल वाचत बसलो आणि गोष्ट फिरून परळला पोहोचली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय व्हायचा, रक्तपेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं कमी. बाई हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यामागे लागल्या. आधी उंदरांवर प्रयोग, मग माकडांवर. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट खायला घातलं, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात तो यीस्टचा काळा, खारट, स्वस्त अर्क, आणि ते माकड सुधारलं. बायकांनाही गुण आला. १९३१ साली त्यांनी तो शोधनिबंध छापला. त्या अज्ञात घटकाला काही वर्षं 'विल्स फॅक्टर'च म्हणत. पुढं १९४१ मध्ये अमेरिकेत कित्येक टन पालकातून तो वेगळा काढला गेला, आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक हे नाव पडलं. बायकोच्या पर्समधली ती पिवळी गोळी परळच्या गिरणीकामगार बायकांनी दिलेली आहे. त्याच रस्त्यावर केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हाचे मथळे आईला अजून आठवतात. माकडाला चाटवलेल्या यीस्टची आठवण मात्र कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट पुण्याची. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश आयांत बी-१२ कमी होतं. आणि ज्या आयांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट. आमच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं आधी लिहून दिली आणि बाजारात सर्रास मिळणारी ५ मिलिग्रॅमची फॉलिकची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका असं बजावलं, त्याचं कारण मला हे वाचल्यावर कळलं. एक घटक ओतून दुसरा विसरला की बाग बिघडते, हेही मी देठाच्या रिपोर्टवरून ऐकलेलं होतं.

मग स्वयंपाकघर बदललं, आणि हे मी सांगतोय तितकं सुरळीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात भांडण झालं. मी एक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. सोमवारी मेथी, मंगळवारी चाकवत, बुधवारी मटकी वगैरे. तिनं तो वाचला आणि विचारलं, "निवडणार कोण?" मेथीची एक जुडी निवडायला वीस मिनिटं लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी निवडायला बसलो. देठ किती ठेवायचे, चाकवत किती शिजवायचा हेही शिकलो. फॉलेट उष्णतेत मरतं आणि पाण्यात उतरतं, म्हणून पालेभाजी उकळून पाणी फेकायचं नाही. आईची चाकवताची ताकातली पातळ भाजी त्यामुळं बसल्या जागी शास्त्रशुद्ध ठरली, आणि तिच्याबरोबर दाणे, हरभऱ्याची डाळ. मटकीला मोड, त्यावर लिंबू, कारण लिंबानं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नाही. हे सगळं एका कागदावर मावेल इतकंच आहे. त्याला रोज दीड तास लागतो, हे कागदावर नसतं.

अंडं हे वेगळंच प्रकरण झालं. तिला खायचं नव्हतं, मी आग्रह केला नाही. तिच्यासाठी दूध अर्ध्या लिटरचं एक लिटर झालं, साईसकट. अमेरिकेत सुमारे अठरा हजार नर्सेसवर आठ वर्षं केलेल्या एका पाहणीत साईचं दूध घेणाऱ्यांना बीज न सुटण्याचा त्रास कमी दिसला, आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटनं तो वाढलेला. अमेरिकी नर्सची पाहणी हडपसरच्या शिक्षिकेला किती लागू पडते, ते मी डोळे झाकून मान्य करणार नाही, ती नुसती पाहणी होती. पण चहाबरोबरची खारी आम्ही सोडली, त्यासाठी कुठल्या पाहणीची गरज नव्हती. माझ्यासाठी बाल्कनीत एक इंडक्शन शेगडी आणि वेगळा तवा आला. दोन अंडी, रोज सकाळी, कबुतरांच्या साक्षीनं. सोळा सोमवारांपैकी सातव्या सोमवारी बायकोनंच आत्याला फोन करून सांगितलं, "आत्या, डॉक्टरांनी उपास बंद केलेत." डॉक्टरांनी तसं काहीच म्हटलेलं नव्हतं.

तंबाखू सुटली ती फेब्रुवारीत, आणि ती सुटल्याची जागा मला नीट आठवते. काढणीला गावी गेलो होतो. बांधावर दादांनी सवयीनं तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, अर्धी माझ्यापुढं केली. बाप-लेक एकाच हातावरची तंबाखू खातात, हे आमचं बोलणं होतं, दुसरं फारसं कधी झालं नाही. मी नको म्हटलं.

"का रे?"

"रिपोर्ट कमी आलाय."

"तिचा?"

"माझा."

दादांनी हात तसाच धरून ठेवला. ओढलेली काय नि चघळलेली काय, तंबाखू शुक्रजंतूंची संख्या आणि चाल दोन्ही खाते, हे मी डॉक्टरांच्या भाषेत सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांनी माझा वाटा वाऱ्यावर सोडला, स्वतःचा तोंडात टाकला. मग म्हणाले, "आईला सांगितलंय?" मी मान हलवली. त्यांनी विषय टेम्पोकडे वळवला.

पुडी सोडणं मेथीपेक्षा अवघड गेलं. याबद्दल मी आणखी लिहिणार नाही, ज्यांनी सोडलीय त्यांना माहीत आहे.

फसवलोही गेलो. पुरुषांसाठी म्हणून मिळणारी पावडरची पाकिटं मी दोन महिने दुधातून घेतली. जस्त, फॉलिक, आणखी अकरा नावं, महिन्याला एका लग्नाच्या आहेराएवढा खर्च. पुढं वाचनात आलं की अमेरिकेत २,३७० पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं, २०२० मध्ये त्याचा निकाल आला. मूल होण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३५. डॉक्टरांना दाखवलं तर त्या हसल्या. "मी लिहून दिली होती का?" दिली नव्हती. माझ्या चुलतबहिणीला पीसीओएस आहे, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार. तिला वजन पाच-दहा टक्क्यांनी कमी केल्यावर पाळी नियमित झाली, आणि लगेच तिच्या सासरी कुणीतरी सगळ्या गल्लीला ज्वारीची भाकरी सुरू केली. नळ्या बंद असतील, गर्भाशयाच्या क्षयानं आतलं अस्तर खराब झालं असेल, वय पुढं गेलं असेल, तर भाकरी काही करू शकत नाही. अशा जोडप्याला भाकरीत वर्षभर अडकवणं म्हणजे त्यांचं एक वर्ष चोरणं आहे. पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट बघून तपासण्या कराव्यात, असं डॉक्टर सांगतात. आम्ही तीन वर्षं लाडू मोजत बसलो होतो.

मार्चमध्ये माझा काउंट १ कोटी ९० लाखांवर आला. एकाच रिपोर्टवर भरवसा ठेवू नये, हे आकडे एरवीही खालीवर होतात, हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं. एप्रिलात पाळी चुकली.

मे संपता संपता, आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते.

रिक्षात बायको बराच वेळ बाहेर बघत होती. मगरपट्ट्याच्या सिग्नलला म्हणाली, "शाळेत त्या दिवशी एकीचा वाढदिवस होता. फ्रूट डिश होती. त्यात पपई होती." थोड्या वेळानं, "दोनच फोडी."

इतक्या लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ती चूक अगदी सुरुवातीलाच होऊन गेलेली असते, फ्रूट डिशच्या कितीतरी आधी. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. डॉक्टरांनी तिला हे सांगितलं होतं, मीही सांगितलं, ती ऐकत होती. पण तीन वर्षं तिच्यासमोर वाढलेल्या प्रत्येक लाडवातून तिनं एकच गोष्ट शिकली होती, की जे होईल ते तिच्या खाण्यानं होईल. मग जे झालं नाही तेही तिच्याच खाण्यानं झालं नाही. आईच्या चिठ्ठीतल्या 'फक्त' या शब्दाचा अर्थ मला त्या रिक्षात लागला. आईनं तो प्रेमानंच लिहिला होता, म्हणून तर तो खोडणं कठीण होतं.

दादा एसटीनं आले. सोबत आंब्यांची पेटी. बोलणारा माणूस नाही. दोन दिवस हॉलमध्ये बातम्या बघत बसले, आंबे पिकलेत का ते चाचपत राहिले. निघायच्या सकाळी बायको त्यांना चहा द्यायला आली, तर म्हणाले, "मागच्या साली तिसऱ्या प्लॉटात घड जिरले. निम्मा प्लॉट. खत तेच, पाणी तेच, शेजारच्या प्लॉटात माल असा की तारा वाकल्या." चहा बशीत ओतून घेतला. "वेलीला काय विचारणार, तू काय खाल्लं म्हणून?" आणि लगेच मला, "पाच-वीसची गाडी स्वारगेटला लागते का शिवाजीनगरला?" सकाळचे आठ वाजले होते.

त्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप सहा दिवस, पण त्याची किंमत पुढच्या तिमाहीनं भरली. रिपोर्ट पुन्हा खाली गेला, पुन्हा वाट बघणं आलं. मुंबईतल्या एका अभ्यासाबद्दल मी याच दिवसांत वाचलं. २००६ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांना, दिवस राहण्याच्याही आधीपासून, रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्यांना पालेभाज्या, फळं, दूध घातलेला, निम्म्यांना बटाटा-कांद्याचा. बाळांच्या वजनात सगळ्या मिळून ठोस फरक निघाला नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती. ४८ ग्रॅम म्हणजे अळिवाचा एक मोठा लाडू. आणि गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के, बटाट्याच्या गटात १२.४. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नवऱ्यांना काय दिलं होतं?"

काही दिलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीच्या डब्यात पुन्हा कागद होता. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी लाडू मोजले, बावीस.

दिवाळीनंतर दोनदा आययूआय झाली, म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याची प्रक्रिया. दोन्ही वेळा पाळी आली, दुसऱ्या वेळी तर नेमक्या तारखेला. तिचं हिमोग्लोबिन आता १२ आहे, बी-१२ चारशेच्या घरात. शाळेतून येऊन ती पूर्वीसारखी आडवी होत नाही, संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन येते. मूल नाही, पण हे आहे, आणि हे कुठल्याही नवसात मागितलेलं नव्हतं. मेथी अजून मीच निवडतो. कधीकधी तीही निवडायला बसते, तेव्हा आम्ही बाळाचं बोलत नाही, शाळेतलं बोलतो.

यंदा गावी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरड छाटणी झाली. मेमध्ये आभाळ भरून राहिलं, दादांचा जीव वरखाली. काल रात्री त्यांचा फोन आला. देठाचा रिपोर्ट आलाय, पालाश कमी दाखवतंय, बोरॉनही जरा कमी, बाकी ठीक. कुठलं खत, किती दिवसांनी, ड्रिपमधून का फवारून, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं, जणू मीच उद्या टाकी भरणार आहे. मी हं हं करत होतो. मग ते थांबले. फोनवर नुसता रातकिड्यांचा आवाज.

"तुझा कधी येणारे?"

"सोमवारी."

"बरं," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी कर फोन. मी मळ्यात नसतो, घरीच थांबतो."